मॅच संपल्यावर कठीण विषयाच्या गोष्टी: कशा सांगायच्या, कशा ऐकायच्या

४ ऑगस्ट २०२४, रविवार, दुपारी दीडची मॅच. पॅरिस ऑलिम्पिकच्या पुरुष हॉकीची क्वार्टर फायनल, भारतासमोर ग्रेट ब्रिटन. बाहेर म्हापशात धो धो पाऊस आणि आम्ही सात-आठ जण मैत्रिणीच्या घरी टीव्हीपुढे, लाईट जाऊ नये म्हणून देवाला सांगून बसलेले. १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं, म्हणजे उरलेली सगळी मॅच १० जणांत. २२व्या मिनिटाला हरमनप्रीतचा गोल, २७व्याला त्यांनी बरोबरी केली, आणि मग शेवटपर्यंत आपले लोक नुसते अडवत राहिले, श्रीजेश गोलमध्ये भिंत होऊन उभा. शूटआउट आपण ४-२ जिंकलो. आम्ही रडलो, ओरडलो, शेजारच्या काकी काय झालं म्हणून बघायला आल्या.

त्यानंतर तासभर तेच. कोण कुठे उभा होता, रोहिदासची स्टिक कशी वर गेली, कुठल्या मिनिटाला आपण मिडफिल्ड सोडून दिलं. सगळ्यांना सगळं पाठ.

मग मैत्रिणीची मामेबहीण, जी तेव्हा कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होती, हळूच म्हणाली, "ताई, डेटा स्ट्रक्चर्स मला जमत नाही, मी कोर्सच सोडीन म्हणते." आणि आम्ही काय केलं? एक म्हणाला अगो आमचा एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, याहून बेकार होता, दुसरी म्हणाली माझ्या कॉस्टिंगला अर्धा वर्ग बसला होता, तिसरा म्हणाला होतं गो सगळं, पास होतेस तू. पाच मिनिटं हा गलका आणि पोरगी कप उचलून आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

घरी येताना स्कूटरवर माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. मॅचची गोष्ट सांगताना आम्ही मिनिट सांगतो, जागा सांगतो, चूक नेमकी कुणाची आणि कशी ते सांगतो. विषयाची गोष्ट सांगताना फक्त "बेकार होता" म्हणतो. मॅच न बघितलेल्या माणसाला आमच्या बोलण्यातून मॅच दिसते, पण अडकलेल्या पोरीला आमच्या बोलण्यातून वाट दिसत नाही. तेव्हापासून आमच्या ग्रुपात हे आम्ही मुद्दाम बदललंय, आणि जे जमलं ते इथे लिहितेय, कारण गोव्यात फुटबॉलच्या गर्दीत हॉकीवाले तसे थोडेच आणि जिथे जिथे चार जण जमतात तिथे एखादा तरी कॉलेजात अडकलेला असतोच.

आधी वेळ. मॅचच्या अगोदर हा विषय काढू नका, तेव्हा कुणाचंच लक्ष नसतं. क्वार्टरच्या मधली २ मिनिटं तर पाणी प्यायलाही पुरत नाहीत, हाफटाइमला काढला तर अर्धवट राहतो, आणि अर्धवट राहिलेली अडचण सांगणाऱ्याला जास्त लागते. मॅच संपू द्या, मॅचचं बोलून होऊ द्या, हरलो असू तर अर्धा तास जास्तच द्या. मग चहा, भाजी-पाव किंवा बन, जे असेल ते, आणि टीव्ही बंद. टीव्ही बंद हे महत्त्वाचं, म्यूट नाही. म्हापशातल्या पेडेच्या ग्राउंडवर मॅच बघून आलो असलो तर आम्ही बाहेरच कुठेतरी चहाला बसतो (२०२३च्या नॅशनल गेम्सची हॉकी तिथे झाली तेव्हा तर आठवडाभर आमचा तोच अड्डा होता), पण खरं सांगायचं तर घर बरं. बाहेर पोरं मोकळी होत नाहीत, ओळखीचं कोणीतरी असतंच, गोवा लहान आहे.

सुरुवात सगळ्यात धाकट्याने करायची नाही. हे आम्ही दोनदा चुकलो. "हं बाय, सांग तुझं काय ते" म्हटलं की ती चेपते. सुरुवात मोठ्याने करायची, आणि ज्याचा विषय खरोखर राहिला होता, ज्याने एटीकेटी काढली (विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात गेला), अशा माणसाने. पहिल्या फटक्यात सुटलेल्यांनी नंतर बोलावं.

आता मुख्य गोष्ट, सांगायचं कसं. आमच्यातले काका, ज्यांनी बरीच वर्षं लोकल मॅचेसना अंपायरिंग केलं, ते पेनल्टी कॉर्नरबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. पेनल्टी कॉर्नरला तीन कामं असतात. एक जण बॅकलाइनवरून बॉल ढकलतो, दुसरा डीच्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर तो थांबवतो, तिसरा आत आणून मारतो किंवा ड्रॅग फ्लिक करतो, म्हणजे स्टिकने ओढत आणून भिरकावतो. गोल झाला नाही की प्रेक्षक शिव्या घालतात तिसऱ्याला. पण दहातल्या कितीतरी वेळा बॉल नीट थांबलेलाच नसतो, उडालेला असतो, किंवा पुशच संथ आलेला असतो आणि तोवर डिफेंडर धावत अंगावर. फ्लिकर बिचारा काय करणार.

विषयाचं अगदी हेच. आपण म्हणतो "लाप्लास जमत नाही". लाप्लास, म्हणजे एम-थ्रीतला गणिताचा एक प्रकार, तो झाला फ्लिक. बॉल कुठे उडाला ते शोधा.

आमच्यातला एक जण वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरीला आहे, मेकॅनिकलचा. त्याची गोष्ट पूर्वी एवढीच असायची की एम-थ्री तीन वेळा दिला, रात्र रात्र जागला, चौथ्यांदा सुटला. ऐकणाऱ्याला यातून मिळतं काय, तर भीती. मग एकदा काकांनी त्याला धरलंच, म्हणाले, "मरे, कुठल्या ओळीत अडायचास ते सांग." तो विचार करायला लागला आणि मग म्हणाला की लाप्लासचा टेबल मला पाठ होता, इन्व्हर्स काढताना गाडी थांबायची. आणि त्यातही कुठे, तर पार्शियल फ्रॅक्शन्समध्ये. छेदात एस आणि एस स्क्वेअर अधिक ४ असे दोन तुकडे असले की एसच्या वर ए घ्यायचा आणि एस स्क्वेअर अधिक ४ च्या वर बी एस अधिक सी घ्यायचं असतं, हा वर नुसता बी घ्यायचा. मग समीकरणं जुळायचीच नाहीत, एका ओळीत ए शून्य यायचा आणि खालच्या ओळीत एक चतुर्थांश. तीन परीक्षा तो एवढ्याशा जागी पडला आणि ती जागा बारावीच्या गणिताची होती, एम-थ्रीची नव्हतीच. चौथ्या वेळी शेजारच्या एका ताईने त्याला बारावीचं पुस्तक काढायला लावलं, चार संध्याकाळी फक्त पार्शियल फ्रॅक्शन्स करून घेतली, आणि पेपर सुटला.

ही गोष्ट झाली. यात ऐकणाऱ्याला घरी न्यायला काहीतरी आहे. एखादा सेकंड इयरचा पोरगा हे ऐकून त्याच रात्री स्वतःची वही उघडून बघतो, आणि एकाने बघितलीही.

तर तुम्ही सांगताना एवढं करा. विषयाचं नाव सांगा, मग धडा, मग धड्यातली ओळ, म्हणजे ज्या ओळीनंतर तुम्हाला पुढचं दिसेनासं व्हायचं ती. मग तुम्ही काय काय करून बघितलं आणि ते का चाललं नाही, हे गाळू नका, हेच सगळ्यात कामाचं असतं. मग काय चाललं. मार्क शेवटी सांगा किंवा सांगूच नका.

माझी स्वतःची गोष्ट सांगते, नमुना म्हणून. मी बीएस्सी केमिस्ट्री, जोडीला फिजिक्स. कॉलेजच्या टीममध्ये राइट हाफ खेळायचे, सकाळी प्रॅक्टिस आणि मग ओल्या केसांनी थेट लेक्चरला. फिजिक्सला थर्मोडायनॅमिक्स होतं आणि केमिस्ट्रीलाही थर्मोडायनॅमिक्स, एकाच सेमिस्टरमध्ये. मला वाटलं बरं झालं, एका अभ्यासात दोन पेपर. दोन्ही पेपर वाईट गेले, केमिस्ट्रीचा तर राहिलाच. आणि मला कळत नव्हतं की का, कारण मला पहिला नियम कोणी विचारला तर झोपेतही सांगता आला असता.

झालं होतं असं. फिजिक्सच्या पुस्तकात आतली ऊर्जा किती बदलली हे काढायला उष्णतेतून काम वजा करतात, कारण तिथे काम म्हणजे गॅसने बाहेर केलेलं काम. केमिस्ट्रीच्या पुस्तकात उष्णता अधिक काम असं लिहितात, कारण तिथे काम म्हणजे गॅसवर बाहेरून झालेलं काम. गोष्ट एकच, फक्त काम कोणाच्या खात्यात लिहायचं ते वेगळं. समजा गॅसला १०० जूल उष्णता दिली आणि गॅसने फुगताना ४० जूल काम केलं. फिजिक्सवाला १०० मधून ४० वजा करून ६० काढतो. केमिस्ट्रीवाला काम उणे ४० धरतो आणि १०० मध्ये मिळवतो, त्याचेही ६०. मी केमिस्ट्रीचं सूत्र घ्यायचे आणि फिजिक्ससारखं काम अधिक ४० टाकायचे, उत्तर १४०. प्रत्येक गणितात. आणि वहीवर लाल रेघ यायची, बाजूला "साइन!" एवढंच लिहिलेलं, आणि मला वाटायचं माझा हिशोब कच्चा आहे म्हणून मी बेरजा-वजाबाक्या परत परत तपासत बसायचे. महिनोन्महिने. मला हे उलगडलं ते पुढच्या वर्षी, एका सीनियरने दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवली तेव्हा. दहा मिनिटांत. मी त्या दिवशी खूप रडले होते, कारण त्या एका चिन्हापायी मी टीम सोडली होती, मला वाटलं होतं हॉकीमुळेच माझा अभ्यास होत नाही, आणि माझ्या आईलाही तसंच वाटलं होतं.

म्हणून मी हे सगळं इतक्या पोटतिडकीने सांगते. खेळणाऱ्या पोरांना घरचे आणि कॉलेजवाले पहिलं हेच ऐकवतात की मैदान सोड, अभ्यास होईल. कधी कधी खरं असतंही, नाही असं नाही. पण मैदान सोडण्याआधी ओळ शोधा. मी मैदान सोडूनही चिन्ह तिथेच चुकत राहिलं होतं.

आता ऐकायचं कसं, कारण खरी अडचण इथे आहे, सांगणारे बरेच भेटतात.

कोणी सांगत असताना "माझं याहून वाईट होतं" हे वाक्य आमच्यात आता बंद. आम्ही ते ठरवूनच बंद केलं. तुमचं वाईट होतंच, पण तुमची पाळी येईल तेव्हा सांगा. तसंच "होतं गो सगळं" हेही नको, प्रेमाने म्हणत असलात तरी. समोरच्याला ते "गप्प बस" असं ऐकू येतं.

त्याऐवजी दोनच प्रश्न विचारा. शेवटचं तुला नीट कळलेलं काय? आणि त्याच्या पुढची ओळ कुठली? बस. उत्तर यायला वेळ लागतो, लागू द्या, चहा गार झाला तरी चालेल. पुष्कळदा माणूस उत्तर शोधता शोधताच थांबतो आणि म्हणतो, अरे थांब, मला हे मागचंच कळलेलं नाहीये.

त्या मामेबहिणीचं असंच झालं. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला स्पेनविरुद्ध ब्राँझची मॅच होती, संध्याकाळी साडेपाचची, आपण आधी ०-१ मागे होतो, मग हरमनप्रीतने ३०व्या आणि ३३व्या मिनिटाला गोल करून २-१ केलं, श्रीजेशची शेवटची मॅच, सगळे भरून आलेले. त्या दिवशी मी तिला मुद्दाम जवळ बसवलं होतं. सगळं शांत झाल्यावर विचारलं, शेवटचं काय कळलंय? म्हणाली, फंक्शन कळतं. पुढची ओळ? म्हणाली, फंक्शन स्वतःलाच बोलावतं तिथे माझं डोकं बंद पडतं. म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स नव्हेच, रिकर्शन. ट्रीचा सगळा धडा रिकर्शनवर उभा असतो म्हणून तिला वाटत होतं आख्खा विषयच गेला.

आमच्यात एक जण कळंगुटला हॉटेलात कामाला आहे, हॉटेल मॅनेजमेंट केलेला, कॉम्प्युटरशी संबंध नाही, पण त्याच्या बॅगेत केओटीचं, म्हणजे किचनला ऑर्डर लिहून द्यायच्या चिठ्ठ्यांचं, कोरं पॅड होतं. त्याच्याच चिठ्ठ्यांवर आम्ही ४ चं फॅक्टोरियल, म्हणजे ४ गुणिले ३ गुणिले २ गुणिले १, लिहिलं. पहिली चिठ्ठी, "४ गुणिले ३ चं फॅक्टोरियल, थांबलोय". तिच्यावर दुसरी, "३ गुणिले २ चं, थांबलोय". तिच्यावर तिसरी, "२ गुणिले १ चं, थांबलोय". तिच्यावर चौथी, "१ चं म्हणजे १". आता इथे कोणालाच थांबायचं नाहीये, म्हणून वरची चिठ्ठी उचलायची आणि तिचं उत्तर खालच्या चिठ्ठीला द्यायचं. २. मग ६. मग २४. शेवटच्या चिठ्ठीवर २४ लिहिताना तिने जे बघितलं माझ्याकडे, ते मला अजून आठवतं. "थांबलेलं फंक्शन हरवत नाही होय, ते खाली असतंच." हे तिचं वाक्य, आमच्यातल्या कुणालाही सुचलं नसतं. आणि चौथी चिठ्ठी नसती तर चिठ्ठ्या लिहीतच राहावं लागलं असतं, हेही तिनेच सांगितलं, तीच ती बेस केस.

विषय माहीत नसलेला माणूसही उपयोगी पडतो तो असा. उलट विषय येणारा माणूस कधी कधी घाई करतो, तो थेट उत्तराकडे धावतो.

कॉमर्सवाली आमची एक मैत्रीण आहे, तिचं कॅश फ्लोचं थोडक्यात सांगते. नफ्यात घसारा परत का मिळवायचा हे तिला कधी पटायचं नाही, खर्च आहे तर मिळवायचा कसा? तिला कळलं ते बाबांच्या टेम्पोवरून. टेम्पोचे पैसे एकदाच दिले, नंतर दरवर्षी वहीत घसारा लिहिला जातो पण खिशातून काही जात नाही, म्हणून रोकड मोजताना तो परत मिळवायचा. एवढंच. पण हे उदाहरण तिला पुस्तकात मिळालं नव्हतं, जेवताना बाबांशी बोलताना मिळालं. म्हणून पोरांना आम्ही सांगतो, घरच्यांच्या धंद्याचंही बोला.

मग येतो शिक्षकांकडे जायचा प्रश्न. बरीच पोरं जातच नाहीत, आणि जातात ती म्हणतात, "सर, काहीच समजलं नाही." यावर कुठलेही सर काय करणार, ते आख्खा धडा परत दहा मिनिटांत सांगतात आणि परत काही समजत नाही. हॉकीतला रेफरल आठवा, म्हणजे अंपायरचा निर्णय व्हिडिओवर तपासायची मागणी. टीमकडे एकच असतो, बरोबर ठरला तर राहतो, चुकला तर गेला, आणि घेताना अंपायरला नेमकं सांगावं लागतं की तुमचं म्हणणं काय, पेनल्टी कॉर्नर हवा होता की गोल चुकीचा दिला. नुसतं "काहीतरी चुकलं" असा रेफरल नसतो. तसंच सरांकडे जाताना वही घेऊन जा, ओळीवर बोट ठेवा आणि म्हणा, इथून इथे कसं आलं? दोन मिनिटांचं काम असतं आणि सरांनाही बरं वाटतं, पुढच्या वेळी ते स्वतःहून विचारतात. आणि रेफरलसारखंच आहे हेही, की नेमका प्रश्न विचारलात तर पुढचा विचारायची संधी तुमच्याकडे राहते.

एक शिक्षक माझ्या वेळी असे होते की ज्यांना प्रश्न विचारलेला आवडायचा नाही. असे असतात. पण त्यांची नावं घेऊन गोष्टी रंगवायच्या नाहीत, हा आमच्यातला नियम आहे, आणि तो मला पटतो. एक तर पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसायचं असलेलं पोर तिथे ऐकत असतं, ते आधीच घाबरून जातं. आणि दुसरं, गोष्ट सरांवर गेली की ओळ शोधायची राहून जाते. राग काढायचाच असेल तर काढा, नाव न घेता काढा, मग परत वहीवर या.

मार्कांचा हिशोब मात्र सगळ्यांसमोर, कागदावर करा. पोरं घाबरतात ती बहुतेक वेळा हिशोब न करताच. टोकियो ऑलिम्पिकला आपल्या मुली पहिल्या तीन मॅच हरल्या होत्या, नेदरलँड्सशी १-५, जर्मनीशी ०-२, ब्रिटनशी १-४. गावभर लोक म्हणत होते संपलं. पण पूलमध्ये सहा टीम आणि चार पुढे जाणार, दोन मॅच बाकी. त्यांनी आयर्लंडला १-० हरवलं, साउथ आफ्रिकेला ४-३, त्यात वंदना कटारियाची हॅटट्रिक, आणि मग क्वार्टर फायनलला गुरजीत कौरच्या एका पेनल्टी कॉर्नरवर ऑस्ट्रेलिया बाहेर. पुरुषांचंही तेच, ऑस्ट्रेलियाकडून १-७ हरलेली टीम शेवटी जर्मनीला ५-४ हरवून १९८० नंतरचं पहिलं मेडल घेऊन आली. आयएसएला, म्हणजे सेमिस्टरमधल्या परीक्षेला, मार्क कमी पडले की पोरं तिथेच हात टेकतात. किती गेले, किती बाकी, एसईएला, म्हणजे सेमिस्टर अखेरच्या परीक्षेला, पास व्हायला किती लागतील, हे लिहून काढा. आकडा समोर आला की तो बहुतेक वेळा मनातल्या भीतीपेक्षा लहान असतो. कधी तो मोठाही निघतो, तेव्हा तो विषय पुढच्या वेळी द्यायचा आणि बाकीचे वाचवायचे हा निर्णयही आम्ही एकदा एका पोराबरोबर बसून घेतलाय, आणि तो बरोबर ठरला.

कोर्स सोडलेल्यांच्या गोष्टीही येऊ द्या. आमच्यातला एक जण इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून आयटीआयला गेला, आज बोटींच्या इंजिनांचं काम करतो आणि त्या कामात त्याचा हात धरणारा आमच्या ओळखीत कोणी नाही. तो सुरुवातीला या गप्पांत गप्प बसायचा, त्याला वाटायचं ही पास झालेल्यांची बैठक आहे. आता तो सांगतो, कुठल्या दिवशी ठरवलं, घरी कसं सांगितलं, वडील किती दिवस बोलले नाहीत. हे ऐकणं कुणालातरी लाप्लासपेक्षा जास्त लागतं.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. सांगता सांगता एखादं पोर म्हणालं की झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, तर तिथे विषयाचं बोलणं बंद करा. ओळ नंतर. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, घरच्यांपैकी ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याला कळवा, आणि टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, केव्हाही लागतो, शेजारी बसून लावून द्या. आमच्यात एकदा ही वेळ आली होती. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहिणार नाही, पोरगा आज ठीक आहे.

गप्पा झाल्या की काम संपलं असं समजू नका. ज्याची ओळ सापडली त्याच्याबरोबर त्याच आठवड्यात कोणीतरी तासभर बसायचं, हे उठण्याआधीच ठरवायचं, वार आणि वेळ सकट. "बसू या कधीतरी" म्हटलं की कोणी बसत नाही. पणजीकडचे आम्ही पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत बसतो, म्हापशाकडचे कुणाच्या तरी बाल्कनीत, फोंड्याची एक ताई कदंबाने येते म्हणून तिच्या बसच्या वेळेप्रमाणे ठरवतो. एका वेळी एकच ओळ. दुसरी काढली की दोन्ही अर्धवट राहतात.

काकांना जुन्या गोष्टी सांगायला आवडतं, लिओ पिंटोची तर ते दर वेळी सांगतात, १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला सुवर्ण जिंकलेल्या टीमचा गोलकीपर, गोंयकार मुळाचा. त्यांना सांगू द्या. नवीन पोरांना या गोष्टींतून आपण कुठल्या मंडळीत बसलोय ते कळतं, आणि मोठा माणूस स्वतःला हव्या त्या गोष्टीपासून सुरू झाला की पुढे आपल्या डिप्लोमाच्या ड्रॉइंगच्या पेपरातही किती वेळा राहिलो ते सांगतो.

आणि वही ठेवा. आमची मैत्रिणीच्या घरी टीव्हीखालच्या खणात असते, साधी दोनशे पानी. प्रत्येक पानावर वर विषय, खाली अडलेली ओळ, त्याखाली काय चाललं नाही आणि काय चाललं. नाव कुणाचंच नाही. नवीन कोणी आलं की त्याने आधी आपला विषय शोधायचा, आणि सापडला नाही तर कोरं पान घेऊन निदान पहिल्या दोन गोष्टी लिहून ठेवायच्या, खालची जागा रिकामी राहिली तरी चालते. केओटीच्या त्या चार चिठ्ठ्या रिकर्शनच्या पानाला स्टेपल केलेल्या आहेत.